धावेवरची बावीस पावलं

माझा उजवा गुडघा कुठं झिजला, ते मला बराबर माहीत आहे. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून दाखवला. म्हणाला, "बाबा, हाडाला हाड घासतंय. मधली गादी पार गेली. वय झालं की होतं असं." मी मान हलवली, पण मनात म्हटलं, वयाला कशाला बोल लावतो? माझा गुडघा आमच्या विहिरीच्या धावेवर गेला.

धाव म्हणजे काय, हे आता घरातल्यांनाही सांगावं लागतं. वीज यायच्या आधी आमच्याकडं मोट होती, चामड्याची मोठी बादलीच म्हणा. जाड दोरानं, त्याला आम्ही नाडा म्हणतो, ती बैलांच्या जुवाला बांधलेली. विहिरीच्या तोंडापासून खाली उतरत जाणारा मातीचा उतार असायचा, ती धाव. बैलं धावेवरून खाली निघाले की मोट भरून वर यायची आणि काठावरच्या थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडात, धबाल्‌दिशी रिकामी व्हायची. उतरताना मी नाड्यावर बसून जायचो. त्याच्यासारखी मजा न्हाई. राजाला बी न्हाई.

खरं काम परतीचं. बैलं उलट्या पावलानं वर घ्यायचे आणि त्यांच्यामागं आपणही उलटंच चढायचं. हातात कासरे, तोंड बैलांकडं, पाठ विहिरीकडं. मागं वळून बघायची सोय न्हाई, कारण वळलं की कासरा ढिला पडतो आणि बैलं जागीच थांबतात. म्हणून पावलं मोजायची. आमची धाव बावीस पावलांची. बाविसाव्या पावलाला टाचेला काठाचा दगड लागायचा. तेविसावं पाऊल टाकलं तर विहीर.

चौथीतून काढून बापानं मला त्या धावेवर उभं केलं. शाळेत मी शंभरापर्यंत शिकलो होतो, पण कामी आले ते बावीसच. लग्न झालं तशी बायको पाण्यावर यायला लागली. ती दारं धरायची. पाटानं आलेलं पाणी एका वाफ्यात भरलं की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि दुसऱ्याचं फोडायचं. दिवसभर वाकून, अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत चिखलात. ती विहिरीच्या पलीकडं, माझ्या पाठीमागं, त्यामुळं मला दिसायची न्हाई. फक्त आवाज यायचा.

"अवं, जरा दमानं! वाफा फुटला!"

मी मुद्दाम जल्दी करायचो. पुन्हा आवाज, आता शिवी घातल्यासारखा. मी बैलांना म्हणायचो, ऐका रे, मालकीण काय म्हणून राह्यली. बैलं कान हलवायचे. ते दोघंही गेले, मोटही गेली. पुढं इंजन आलं, त्याच्यामागून वीज. पण आजही कुठं ओलं चामडं हुंगलं की मला ती सकाळ आठवते, नाड्याचा करकर आवाज आणि थारोळ्यातून उडालेले थेंब तोंडावर.

गुडघा दुखायला लागून आठ-दहा वर्षं झाली. आधी मी कोणाला सांगितलं न्हाई. पुढं पोरानं डॉक्टरकडं नेलं, ऑपरेशन करा म्हणून मागं लागला, पण मी टाळत राह्यलो. मंग वाटूरला एका लग्नात पंगतीला बसलो. बसलो तो बसलो, उठताच येईना. वाढपी दोन्हीकडून काखेत हात घालून उठवायला लागले तेव्हा समोरच्या पंगतीतला एकजण म्हणाला, "बाबांना बुंदी जास्त झाली वाटतं!" सगळी पंगत हसली. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसू तोंडावर तसंच वाळून गेल्तं. त्याच दिवशी पोराला फोन केला, म्हटलं, ठरव तुझं ते ऑपरेशन.

पोरगा माझा नवीन जालन्यात असतो, बियाण्याच्या कंपनीत नोकरीला. त्यानं लगेच तयारी चालू केली. रक्त तपासलं, छाती तपासली. मंग म्हणे दात तपासायचे. मी म्हटलं, "गुडघा बदलायला बैल विकत घेऊन राह्यले का, दात कशाला बघता?" डॉक्टरनं समजावलं की दाताचा पू रक्तातून नव्या गुडघ्यात उतरतो. एक दाढ काढली. पोरानं त्याच्या घरी पलंग उंच करून घेतला, खुर्चीसारखा बसायचा संडास होताच, त्याला धरायला नळी बसवली. चार पायांचा वॉकर गावी आणून दिला. मी तो कोपऱ्यात ठेवून त्याच्यावर धोतर वाळत घातलं.

आता जे सांगतो ते मी लई दिवस कोणाला सांगितलं न्हाई.

दवाखान्यात भरती व्हायला दोन दिवस होते. मी गावाकडंच होतो. डोक्यात आलं, आतलं खराब पाणी आधीच थोडं काढून टाकलं तर डॉक्टरचं काम सोपं होईल. बिब्बा घेतला, सुईला टोचून दिव्यावर धरला. त्याचं काळं तेल सुटलं की गुडघ्याभोवती ठिपके द्यायचे, आमच्या बापजाद्यांचं औषध. बैलाचा खांदा सुजला की मी हेच करत आल्तो.

बायको दारातून म्हणाली, "नका लावू. डॉक्टरनं कातडीला काही करू नका म्हणून सांगितलंय."

"डॉक्टर काल जन्मला. बिब्बा कवापासून हाय?"

"मंग बिब्ब्याकडूनच घ्या ऑपरेशन करून."

ती आत गेली. मी एक ठिपका द्यायचा तिथं सात दिले.

दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर बोराएवढे फोड आले. भरतीच्या दिवशी डॉक्टरनं चादर बाजूला केली आणि तो दोन मिनिटं नुसता बघतच राह्यला. मंग माझ्याकडं न बघता बायकोकडं वळला. "मावशी, हे काय करून ठेवलं? अशा कातडीतून मी चीर घेतली तर आत जंतू जाईल, पाय गमवायची वेळ येईल. बायका ऐकतच नाहीत, घरचे उपाय करत बसतात!"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. कॅलेंडरवर एका गाईचं चित्र होतं, ते मला आजही रंगासकट आठवतं. ती म्हणाली, "चुकलं, डॉक्टरसाहेब." बस, एवढंच. गाडीत पोरगा तिच्यावरच चिडला, सूनही बोलली. मी खिडकीतून बाहेर बघत राह्यलो. ऑपरेशन महिनाभर पुढं गेलं. घरी आल्यावर ती मला एक शब्द बोलली न्हाई. बोलली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडून मोकळा झालो असतो.

ऑपरेशन झालं आषाढ लागता लागता. कमरेखाली सुन्न केलं होतं, त्यामुळं आवाज सगळे ऐकू आले. करवत, हातोडी. सुताराच्या खोपटात निजल्यासारखं वाटलं. उशाशी उभ्या असलेल्या नर्सबाईला मी म्हटलं, "लाकूड कोणतं वापरून राह्यले? बाभूळच घ्या म्हणा." ती तोंडावरच्या फडक्यामागं हसली. दुखणं दुसऱ्या दिवशी आलं, आणि असं आलं की बाभळीचं नावही सुचलं न्हाई.

दवाखान्यातून पोराच्या घरी आलो. स्टेशन जवळ, गाडीचा भोंगा, खाली ऑटो, मोटरसायकली. गावात मी सकाळी विहिरीवर चक्कर मारायचो, इथं बैठकीपासून गॅलरीपर्यंत. बायको मात्र मला तिथं रुळलेली दिसायची. खुर्चीवर बसून भाजी निवडायची. माझ्यासाठी नळी बसवलेला संडास तीच जास्त वापरायची. मी टोमणा मारला, "जालन्याची हवा लागली तुला." ती म्हणाली, "धुवायला गेल्ते." चालताना भिंतीला हात लावून चालायची. मला वाटलं, घर नवं, फरशी गुळगुळीत, म्हणून.

तिथंच एके दिवशी जेवताना पोरानं विषय काढला. "आबा, आता गावाकडं जायचं न्हाई. तिथं दोघंच राहता. पडला-झडला तर कोण हाय? शेत बटाईनं देऊ. इथंच राहा दोघं, कायमचं."

माझा घास हातातच राह्यला. "माझा पाय नीट करायला आणला का घर सोडवायला?"

"पायानं तुम्ही संडासापर्यंत जाऊन राह्यले, आबा. विहीर अर्धा कोस हाय."

"अर्धा कोस चाललो तर?"

"कवा?"

"दसऱ्याला."

तो हसला, पण माझ्याच रक्ताचा, मागं हटला न्हाई. "ठरलं. दसऱ्याला वेशीपासून विहिरीपर्यंत. गाडी न्हाई, कोणी धरायचं न्हाई, काठी चालंल. धावेवर चढून काठाच्या दगडाला हात लावायचा. लावला तर राहा गावात, मी परत तोंड उघडणार न्हाई. न्हाई लावला तर सामान मी आणतो."

मी बायकोला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"तुम्ही म्हणताल तसं," ती म्हणाली आणि ताट उचललं.

दसऱ्याला तीन महिने उरले होते. बिब्बा लावला नसता तर चार असते.

व्यायाम करून घ्यायला एक पोरगी यायची. पिंपळगाव रेणुकाईकडची, शेतकऱ्याचीच लेक. गोड बोलून पाय पिळायची. गुडघा वाकायला लागला, पण पूर्ण सरळ होईना. टाचेखाली टॉवेल ठेवून दाबायची, मी दात खायचो. एकदा मी म्हटलं, "पोरी, तुझ्या बापानं तुला ऊस पिळायला ठेवलं होतं का?" ती म्हणाली, "बाबा, ऊस तरी गोड निघतो." तिनं मला एक वही दिली. रोज किती पावलं चाललो ते लिहायचं. पन्नास वर्षांत सहीपलीकडं मी काही लिहिलं नव्हतं. आधी नुसते आकडे लिहिले, मंग आकड्यांपुढं दोन शब्द. हे सगळं त्याच वहीत लिहून राह्यलो.

भादव्यात ती एक दिवस म्हणाली, "बाबा, आज उलटं चालायचं. उलटं चाललं की गुडघा आपोआप सरळ होतो. घाबरू नका, सगळे घाबरतात. मी मागं उभी राहते. आधी एक पाऊल."

मी वॉकर बाजूला केला. समोर भिंत होती, भिंतीवर घड्याळ. मी हात असे पुढं धरले, कासरे धरल्यासारखे, आणि निघालो. एक, दोन, तीन. टाच आधी चाचपायची, मंग वजन. अंगठा शेवटी. पोरगी मागं सरकत गेली, सरकत गेली. "बाबा! बाबा, हळू!" बैठक संपली, मी मधल्या बोळात शिरलो. गुडघा सरळ पडत होता, ठक ठक. डोळ्यांपुढं घड्याळ नव्हतंच. दोन पाठी होत्या, एक पांढरी, एक काळ्या ठिपक्यांची, आणि शेपट्यांनी माशा उडवणं चाललं होतं. बाविसाव्या पावलाला मी थांबलो. मागं स्वयंपाकघराचा उंबरा होता.

"कुठं शिकलात हो?" ती म्हणाली.

"शाळेत," मी म्हटलं.

त्या दिवसापासून आकडे वाढत गेले. पितृपक्षात मी खालच्या रस्त्यावर काठी घेऊन चालायला लागलो. घटस्थापनेला स्टेशनपर्यंत जाऊन आलो. पोराची नजर माझ्या पायावर असायची.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही गावाच्या वेशीत गाडीतून उतरलो. नवं धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. कोणी विचारलं, "कुठं निघाले, बाबा?" तर मी म्हणायचो, "विहिरीवर." जसा काही रोजच जातो. पोरगा बाजूनं चालत होता. बायको मागून, आमच्या रिवाजाप्रमाणं चार पावलं मागं, हातात पाण्याची बाटली. पन्नास वर्षं आम्ही असेच चाललो. बाजाराला, लग्नाला, मयतीला. मी पुढं, ती मागं. तिच्या जोडव्यांचा आवाज आला की ती येऊन राह्यली एवढं कळायचं.

सोयाबीन निघालेलं, कपाशी फुटायला लागलेली. ओढ्यावरच्या पुलावर मी एकदा थांबलो, पाणी बघतो म्हणून. बघत काही नव्हतो, दम खात होतो. पुढं बांधाबांधानं चाललो आणि विहीर दिसली.

धावेवर गवत माजलेलं, पण उतार तोच. आता उतार न्हाई, चढ. मी काठी रोवली, उजवा पाय टाकला. चढावर गुडघ्याला जास्त वाकावं लागतं, ते त्या पोरीनं सांगितलं होतं. दुसऱ्या पावलाला मुरूम घसरला, काठी सटकली, मी जेमतेम सावरलो. तिसरं पाऊल उचलेना. गुडघ्यात कोणी खिळा ठोकून राह्यलं असं वाटलं.

पोरगा पुढं आला, मंग शर्त आठवून हात मागं घेतला. हळूच म्हणाला, "आबा, बस करा. इथवर आलात, लई झालं."

त्याच्या आवाजात टिंगल नव्हती. असती तर बरं झालं असतं. मी वर दगडाकडं बघितलं. खाली धावेच्या पायथ्याला परत आलो आणि पाठ फिरवली.

"आबा, हे काय? सुलटं चाला!"

"तू गप. आता बैलं माझ्या हातात हायेत."

एक. दोन. तीन. टाच चाचपली, वजन टाकलं. गुडघा सरळ राह्यला. चार, पाच. पाठ विहिरीकडं, तोंड शेताकडं, आणि समोर, जिथं बैलं असायची तिथं, माझी बायको. तीही धाव चढायला लागली होती.

सात. मी तिला असं समोरून चालताना कधी बघितलंच नव्हतं. पन्नास वर्षं ती मागं होती. आठ. ती दर पावलाला उजव्या हातानं मांडी दाबत होती, जसा आपण रोवलेला खांब दाबतो. नऊ, दहा. आस ढिला झालेली गाडी जशी डावी-उजवीकडं झुलते तशी झुलत होती. अकराला ती थांबली, पदर नीट करायला लागली. पदर नीटच होता. मला पुलावरचं पाणी आठवलं. तेरा. चौदा. तिचे ओठ आवळलेले. मला भिंतीवरचा तिचा हात आठवला, खुर्चीवरची भाजी, नळीचा संडास.

"माझ्याकडं काय बघून राह्यले?" ती ओरडली. "पायाखाली बघा, पडताल!"

आकडा चुकता चुकता राह्यला. एकोणीस. वीस. एकवीस. बाविसाव्याला टाचेला दगड लागला. मी मागं हात नेऊन त्याच्यावर टेकवला. गार होता, ऊन चढूनही.

पोरगा खाली गेला. बांधावरच्या आपट्याची दोन पानं तोडून आणली, माझ्या हातात दिली आणि पाया पडला. "जिंकलात आबा. राहा गावात."

बायको वर आली आणि थारोळ्याच्या कडेला बसली, धापा टाकत. मी तिच्याजवळ गेलो. खाली बसता येत न्हाई मला आता, उभाच राह्यलो. थारोळ्यात सुकलेली पानं पडली होती.

"कवापासून?" मी विचारलं.

"काय कवापासून?"

"गुडघे."

तिनं बाटलीचं झाकण उघडलं, घोटभर पाणी प्याली. "तुमच्या आधीपासून."

"सांगितलं न्हाई कामून?"

"कोणाला सांगायचं? तुमचा बिब्बा लावून घेऊ का?"

ती उठायला लागली. दगडाला हात टेकला, एकदा झोका घेतला, पुन्हा बसली. दुसऱ्यांदा झोका घेतला. वाटूरच्या पंगतीत मी असाच दिसलो असेन, फक्त मला उठवायला दोघं होते. मी काठी तिच्या हातात दिली, दुसरा हात धरला आणि नव्या गुडघ्यावर वजन घेऊन ओढलं. गुडघ्यानं धरलं.

"गाडी विहिरीपर्यंत आण," मी पोराला म्हटलं. "जालन्याला जायचंय."

"पण आबा, तुम्ही तर जिंकलात."

"जिंकलो म्हणून मीच सांगून राह्यलो. तुझ्या आईच्या गुडघ्याचे फोटो काढायचे. दोन्हीचे. ती नीट झाली की दोघं गावात येऊ, तवर तुझ्या घरी." मंग मी जे दवाखान्यात बोलायला पाहिजे होतं ते विहिरीवर बोललो. "आणि तो बिब्बा तिनं लावला नव्हता. ती नको म्हणत होती. म्या लावला."

पोरगा आईकडं बघत राह्यला. ती पदरानं तोंड पुसत होती. म्हणाली, "चार महिने लागले बाहेर पडायला. लई खोल रुतला होता."

बायकोचे फोटो काढायला गेलो तेव्हा डॉक्टरलाही मी सांगितलं. तो आठवायला लागला, कोणता बिब्बा. मी म्हटलं, "तुम्ही विसरले असाल, पण तुम्ही हिला बोलला होता. ते शब्द माझे होते, मला द्या." तो हसला आणि मंग हसायचा थांबला. बायकोला म्हणाला, "मावशी, माफ करा."

डावा गुडघा झाला, उजवा पुढच्या महिन्यात आहे. आज पिंपळगावच्या पोरीनं तिला उलटं चालायला लावलं. बोळात मीच तिच्या मागं उभा राह्यलो, त्या पोरीला म्हटलं, हे काम माझं. बायको दोन्ही हातांनी वॉकर घट्ट धरून उभी. पाऊल मागं पडेना. मान सारखी वळवून बघायची.

"मागं बघू नको," मी म्हटलं. "मागं विहीर न्हाई. मागं मी हाय."

"त्याचंच तर भ्या वाटून राह्यलंय," ती म्हणाली, आणि पहिलं पाऊल टाकलं.